चोविसावा सेल

"ते नका घेऊ!"

बोलून गेल्यावर तिला भान आलं. एका अनोळखी माणसाच्या हातातली वस्तू आपण चक्क काढून घेतलीय!

माणूस उंच होता, जरासा वाकून उभा. शर्टाच्या खिशाला पेन असावं तिथे एक छोटं भिंग अडकवलेलं. दुकानदाराने त्याच्यापुढे दोन कंपन्यांचे सेल ठेवले होते आणि हा शहाणा नेमका दुसऱ्या कंपनीचा उचलत होता. आता सांगा, जिच्या वडिलांनी एकतीस वर्षं सेलच्या कारखान्यात काढली, जी स्वतः त्याच कारखान्यात सहा वर्षं नोकरी करतेय, ती हे उघड्या डोळ्यांनी बघत बसेल? बाहेर रिमझिम लागली होती, छत्री टपटप गळत होती, घरी जायची घाई होती. पण नाही. राहवलंच नाही.

"हा घ्या. आमचा आहे."

"आमचा म्हणजे?"

"म्हणजे आमच्या कारखान्यातला. एकवीस देशांत जातो."

त्याने तो सेल दोन बोटांत धरून उजेडात फिरवला. "एवढासा?"

"एवढासाच तर! कुठल्या तरी बेटावर कोळ्याच्या टॉर्चमध्ये आमचा सेल असतो. कुठे डोंगरातल्या शाळेच्या घड्याळात असतो. ज्या गावाचं नाव आपल्याला धड उच्चारता येणार नाही, तिथल्या पोराची खेळण्यातली मोटार आमच्या सेलवर पळते. कपभर चहापेक्षा स्वस्त वस्तू, पण सातासमुद्रापार जाते आणि पहिल्या फटक्यात चालू होते... थट्टा आहे का?"

तो ऐकत होता. नुसता कानांनी नाही, डोळ्यांनीसुद्धा. इतकं लक्ष देऊन तिचं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं, घरीसुद्धा नाही. तिची जीभ जरा अडखळली.

"आणि... गळला तर?" त्याने हळूच विचारलं.

"गळत नाही."

"समजा, गळला तर?"

"तर मला आणून द्या!" ती तोऱ्यात म्हणाली. "नमुना खोलीत बसते मी. गेटवर कुणालाही विचारा."

तो हसला, सेल विकत घेतला आणि पावसात निघून गेला. ती छत्री उघडायची विसरून दुकानाच्या पायरीवर तशीच उभी राहिली. दुकानदाराने मान हलवली. "ताई, तुम्हाला कंपनीने कमिशन द्यायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला नमुना खोलीच्या दारावर टकटक झाली. दारात तोच, हातात पुठ्ठ्याचं खोकं. खोक्यात अठ्ठेचाळीस सेल, प्रत्येक वेगळ्या पिशवीत, आणि प्रत्येकाच्या बुडाशी पांढरट, चिकट, वाळलेला ओघळ.

"तुम्हीच म्हणाला होतात, गळले तर आणून द्या," तो म्हणाला. "गेटवर नमुना खोली विचारली, तर रखवालदार म्हणाले, 'कुलूपबाईंकडे का?'"

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. हा माणूस गिऱ्हाईक नव्हता. परदेशी खरेदीदाराने पाठवलेला तपासनीस होता!

कुलूपबाई हे तिचं कारखान्यातलं नाव, आणि ते तिला शोभायचं. कारखान्यातून जो जो लॉट परदेशी रवाना होई, त्यातले चोवीस सेल मागे ठेवून घ्यायचे, खोक्यात घालायचे, खोक्यावर तारीख लिहायची आणि पाच वर्षं नमुना खोलीत सांभाळायचे, असा नियम होता. गेलेल्या लेकरांची ही मागे राहिलेली भावंडं. तिकडून तक्रार आली, की इकडच्या भावंडांची तब्येत तपासायची. चाचणीखेरीज त्यांना कुणी हात लावायचा नाही. मॅनेजरने एकदा टॉर्चसाठी दोन सेल मागितले, तर तिने सरळ नियमांचा कागद पुढे केला होता. नाकावर माशी बसू देत नसे ती.

तक्रार साधी नव्हती. एका लॉटचे सेल घराघरांतल्या घड्याळांत, रिमोटमध्ये गळले होते. तपासनीस दहा दिवस राहून अहवाल देणार होता. अहवाल वाईट गेला, तर त्या देशाचे वर्षाचे बारा कंटेनर गेले. आणि तिला त्याहूनही बोचणारी गोष्ट खोक्यावरच लिहिलेली होती. ज्या मशीनवर तो लॉट सीलबंद झाला, त्याचे फोरमन होते तिचे बाबा. या महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. एकतीस वर्षं ज्यांनी सेलचं तोंड बंद केलं, ते जाताना लोकांनी म्हणावं, की यांचंच सील फुटकं होतं?

"लॉटचा नमुना बघू?" तो म्हणाला.

तिने फळीवरून खोकं काढलं, त्यावरची तारीख वाचली, आणि ते तसंच परत फळीवर ठेवावंसं तिला वाटलं.

कारण त्या खोक्यात चोवीस सेल नव्हते, तेवीस होते. हे साऱ्या जगात एकट्या तिला ठाऊक होतं.

झालं होतं असं, की वीस महिन्यांपूर्वी नमुना खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. तिने सेलसाठी मागणीपत्र भरलं. स्टोअरने लिहिलं, 'सर्व माल निर्यातीसाठी, स्थानिक वापराची तरतूद नाही.' ऑफिसने लिहिलं, 'घड्याळ ही दुरुस्ती आहे की खर्च, खुलासा करावा.' तीनदा पत्र गेलं, तीनदा परत आलं. दिवसाला लाखभर सेल बाहेर पडणाऱ्या कारखान्यात एका घड्याळाला सेल मिळेना! दिव्याखाली अंधार म्हणायचा तो हा. चाचण्यांच्या वेळा नोंदवायला घड्याळ तर हवंच. मग एका दुपारी कुलूपबाईने इकडे तिकडे पाहिलं, समोरच्या खोक्यातला एक सेल उचलला आणि घड्याळात बसवून टाकला. स्वतः पदरचा आणून लावायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. पाण्यात राहणाऱ्या माशाने बाटलीतलं पाणी विकत घ्यावं, असलं काहीतरी वाटलं असावं! उद्या बदलू, परवा बदलू करता करता घड्याळ चालतच राहिलं आणि ती विसरली.

तपासनीसाने खोक्यात डोकावलं, भिंग डोळ्याला लावलं, वहीत काहीतरी लिहिलं. मोजले का यांनी? चोराच्या मनात चांदणं... ती त्याच्या पेनाकडे बघत राहिली. पण त्याने वही मिटली आणि चाचण्या कधी सुरू करायच्या ते विचारलं.

पुढचे दिवस चाचण्यांत गेले. वीस सेल तारांना जोडून वेगाने रिकामे करायचे, दर तासाला व्होल्टचा आकडा टिपायचा, गळतात का पाहायचं. दोघांनी समोरासमोर बसायचं, तिने आकडा वाचायचा आणि त्याने लिहायचा.

"एक पूर्णांक एकतीस," ती म्हणायची.

"एक पूर्णांक एकतीस," तो म्हणायचा. "तुम्ही आकडा वाचताना श्वास रोखता, माहितीय?"

"सेल मोजायला आलात की श्वास?"

"सेलच. पण... लक्ष जातं."

"भिंग सेलवर धरा, म्हणजे नाही जाणार."

पॅकिंगच्या मावशी रोज काही ना काही निमित्त काढून डोकावून जात. या मावशी म्हणजे कारखान्याचं वर्तमानपत्र, सकाळची आणि संध्याकाळची आवृत्ती वेगळी. "काय गं, आजकाल नमुना खोलीचं दार सताड उघडं असतं? कुलूपबाईचं कुलूप कुणी काढलं?" असं मोठ्याने म्हणून त्या पसार होत, आणि हे दोघं आपापल्या कागदांत तोंडं घालत.

पण खरं सांगायचं, तर तिला त्याचं काम बघायला आवडायला लागलं होतं. तो सेल हातात घ्यायचा, तो फुलपाखरू घ्यावं तसा. कुणावर आवाज चढवायचा नाही. मशीनवरच्या कामगाराला 'कसं करता ते दाखवाल का?' असं विचारायचा, आणि दाखवलं की मनापासून म्हणायचा, 'वा!' निर्यातीचा माल भरतात त्या धक्क्यावर तर लहान मुलासारखा हरखून उभा राहिला होता. एकाच खोक्यावर पाच लिप्यांत छापलेल्या सूचना, सेलची टोकं एकमेकांना लागू नयेत म्हणून मधे घातलेला पुठ्ठा, खोकं कमरेच्या उंचीवरून पाडून बघायची पद्धत.

"दोष शोधायला येतो मी," तो म्हणाला, "पण एवढी माणसं एवढ्याशा वस्तूची इतकी काळजी घेताना बघितली, की वाटतं... असू दे. जग तसं ठीक चाललंय."

ते वाक्य तिने घरी जाताना मनात तीनदा घोळवलं.

सहाव्या दिवशी बाबा आले. फोरमन म्हणून आले, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गळका सेल घेऊन त्यांनी अंगठा त्याच्या काठावरून फिरवला.

"हे भाजलेत," ते म्हणाले. "हे छापील प्लास्टिकचं वेष्टन बघा. आम्ही ते काठावर दुमडतो. हे मागे सरकलंय. नुसत्या उन्हाने नाही सरकत, दिवसेंदिवस बंद डब्यात तापावं लागतं. तुमचा कंटेनर कुठे तरी उन्हात ठेवलेला असणार."

तपासनीसाने भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "बरोबर आहे, साहेब. पण मला असं लिहिता येणार नाही. कंटेनर तापला असेल, तरी सील मुळातच कच्चं नव्हतं, हे कुठे सिद्ध होतं?"

"चाचण्यांत एकही गळला नाही ना?"

"पाच दिवसांत सेल रिकामा करणं वेगळं. तक्रार घड्याळांची आहे. महिनोन् महिने, थेंब थेंब. याच लॉटचा, इथेच राहिलेला आणि तसा सावकाश वापरला गेलेला एखादा सेल असता, तर..." त्याने सुस्कारा टाकला. "पण तो कुठून आणणार? वर्ष, दोन वर्षं मागे तर जाता येत नाही."

बाबांनी सेल खाली ठेवला. "मग लिहा जे लिहायचं ते," एवढंच बोलून ते वळले. चालताना त्यांचे खांदे खाली आलेले तिला दिसले. आजवर तिने ते तसे कधी पाहिले नव्हते.

आणि डोक्यावर टिकटिक चालली होती.

काखेत कळसा, गावाला वळसा! याच लॉटचा सेल, याच खोलीत, वीस महिने, थेंब थेंब चालणारा, वर भिंतीवर होता. सांगायचं म्हणजे कबूल करायचं. कुलूपबाईने स्वतःच्याच खोलीत चोरी केली! नोकरी जाईल, नाहीतर किल्ली तरी जाईलच. तेही चालेल. पण आतला सेल गळलेला निघाला तर? तर बाबांच्या कपाळावर शिक्का आपल्याच हाताने मारायचा...

दुपारी चहाच्या सुट्टीत खोलीत कुणी नव्हतं. ती स्टूल ओढून भिंतीपाशी गेली, वर चढली, घड्याळाला हात लावला. आधी एकटीने बघून घ्यावं. चांगला असला तर सांगू. गळका असला तर... कचऱ्याची टोपली खालीच होती. कोणाला कळणार होतं?

टिक, टिक, टिक. तिचा हात काही घड्याळ काढेना. बाबा आठवले. खराब सेल सापडला की ते तो खिशात लपवत नसत, टेबलाच्या मध्यभागी ठेवत. "दिसला, म्हणजे दुरुस्त होईल," असं म्हणत.

ती खाली उतरली, स्टूल जागेवर ठेवलं, आणि जाऊन बाबांना, मॅनेजरना आणि तपासनीसाला, तिघांनाही बोलावून आणलं.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "या लॉटचे चोवीस नाहीत, तेवीस सेल आहेत. चोविसावा मी काढला. वीस महिन्यांपूर्वी. तो... तिथे आहे."

तिघांनी मान वर केली. मॅनेजरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. टॉर्चचे दोन सेल त्यांना आठवले असावेत. बाबांनी टेबलावरचे कागद बाजूला सारले.

"उघडून बघितलंत?" तपासनीसाने विचारलं.

"नाही."

"का?"

"आधी बघितलं असतं, तर तुमच्यासमोर उघडण्याला काय अर्थ राहिला असता?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. त्या क्षणी खोलीत इतर दोन माणसं आहेत, हे तो बहुधा विसरला होता. मग त्याने घड्याळ उतरवलं आणि टेबलाच्या मध्यभागी पालथं ठेवलं. सेल काढला. टिकटिक थांबली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

कागदावर सेल ठेवला. भिंग. पुन्हा भिंग. टिपकागदाने बूड पुसलं, कागद उजेडात धरला. तिने श्वास रोखला होता, आणि या वेळी तो त्यावर काही बोलला नाही.

"कोरडा," तो म्हणाला. "कोरडा ठणठणीत. सील जसंच्या तसं. वेष्टन काठावर, दुमडलेलं." त्याने सेल बाबांच्या हातात दिला. "वीस महिने, साहेब! हे सील तुमच्या हातचं."

बाबांनी अंगठा काठावरून फिरवला. मग चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. "खोलीची शिस्त मोडलीस," ते लेकीला म्हणाले. "मी मॅनेजर असतो, तर एक नाही, दोन मेमो दिले असते." आणि त्याच हाताने त्यांनी तिच्या डोक्यावर एक हलकी टपली मारली. तिला रडू कोसळलं.

मेमो एकच मिळाला. अहवालात चाचण्या, वेष्टन आणि घड्याळातला सेल, तिन्ही गोष्टी गेल्या. चौकशीत कळलं, की तो कंटेनर परक्या बंदरात एक्केचाळीस दिवस भर उन्हात पडून होता. बारा कंटेनर राहिले. बाबा महिनाअखेरीला ताठ मानेने निवृत्त झाले, आणि पॅकिंगच्या मावशींनी आख्ख्या धक्क्याला चहा पाजला.

पण तो त्याआधीच निघून गेला होता.

जायच्या दिवशी दारात उभा राहून म्हणाला, "एक कबुली माझ्याकडूनही. पहिल्याच दिवशी मोजले होते मी. तेवीस."

"मग... बोलला का नाहीत?"

"विचारणारच होतो. मग तुम्ही चहा दिलात. दुसऱ्या दिवशी विचारू म्हटलं, तर तुम्ही आकडे वाचायला लागलात... आठ वर्षांच्या नोकरीत तेवढा एकच रकाना कोरा ठेवला मी. तुम्ही सांगितलं नसतंत, तर शेवटच्या दिवशी भरावाच लागला असता. रोज मनात म्हणायचो, सांगू दे हिने. सांगू दे."

तिने त्याची वही त्याच्या हातात दिली. त्याने ती पिशवीत घातली. गाडीचा भोंगा वाजला आणि तो गेला. दोन हुशार माणसं एकत्र आली, की मूर्खपणा दुप्पट होतो, असं मावशी म्हणाल्या ते उगाच नाही.

दीड महिना गेला. आकडा वाचताना समोरून प्रतिध्वनी येईना. नमुना खोली तीच, फळ्या त्याच, फक्त भिंतीवरचं घड्याळ चार दहावर थांबलेलं. नवीन कंटेनर भरले जात होते, ती यादीवर खुणा करत होती, आणि दारावर टकटक झाली.

टकटक ओळखीची होती. तिचं पेन हातातून पडलं.

"घड्याळ बंद?" तो आत येत म्हणाला. जणू कालच गेला होता.

"सेल मिळत नाही."

"सेलच्या कारखान्यात?"

"मागणीपत्र गेलंय. खुलासा मागवलाय." तिचे ओठ हसत होते, डोळे मात्र भरून आले होते. "तुम्ही कसे? पुन्हा तक्रार आली?"

"नाही. खरेदीदाराला आता इथे कायमचा माणूस हवाय, माल भरतानाच बघायला. तीन जण इच्छुक होते. मी त्यांना सांगितलं, तुम्ही अर्जच करू नका." त्याने खिशात हात घातला आणि मुठीतून एक सेल पुढे केला. "हा ओळखता?"

दुकानातला होता. पाऊस, पायरी, तिचा तोरा, सगळं आठवलं.

"वापरला नाहीत?"

"जपून ठेवला. इतक्या जोरात कुणी मला काही विकलं नव्हतं." त्याने घड्याळ उतरवलं आणि काटे फिरवायला बोट पुढे केलं.

"थांबा." तिने त्याचा हात धरला. धरला तो सोडला नाही. तिच्या मनगटावरच्या घड्याळात चारच वाजले होते. "दहा मिनिटांत चार दहा होतील. काटे फिरवायलाच नकोत. तेव्हा सेल घातला, की झालं."

"दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं?"

"मग बोला की काहीतरी. दीड महिन्याचं शिल्लक आहे."

तो बोलायला लागला, आणि पहिली पाच मिनिटं नुसता चाचरला. बाहेर कंटेनरचं दार धडाम्‌कन लागलं. मग त्याने एकदाचं सांगून टाकलं. "माझं... तुमच्यावर प्रेम आहे. त्या स्टुलावरून तुम्ही न बघता खाली उतरलात ना, तेव्हापासून. मावशींनी सांगितलं मला, खिडकीतून त्यांनी बघितलं होतं. नाही, खरं तर त्याच्याही आधीपासून. दुकानात तुम्ही माझ्या हातातला सेल काढून घेतलात, तेव्हापासून."

"मावशींना सगळं दिसतं!" ती म्हणाली, आणि मग अगदी हळू, "माझंही. कधीपासून ते मला नाही माहीत. मी नोंद नाही ठेवली."

"कुलूपबाईंनी नोंद नाही ठेवली?"

"एखादा रकाना कोरा राहतो माणसाचा..."

तो हसला, ती हसली, आणि मनगटावर चार दहा झाले. त्याने सेल बसवला. काटा क्षणभर थरथरला आणि चालायला लागला. त्याने घड्याळ भिंतीवर टांगलं, तिने खालून ते सरळ करून घेतलं.

"याच्यावर दोन वर्षं तरी लक्ष ठेवायला लागेल," तो म्हणाला.

"आणि गळला तर?"

"तर तुम्हालाच आणून देईन. लांबून यायचं नाही आता, याच खोलीतून."

तिने नोंदवही उघडली. घड्याळाच्या सेलची नवी ओळ लिहिली, तारीख आणि वेळ घातली, आणि साक्षीदाराच्या सहीसाठी पेन त्याच्या हातात दिलं. "आणि हो," ती म्हणाली, "बाबांनी रविवारी घरी बोलावलंय. दीड महिन्यापासून दर रविवारी."